विश्लेषण : वायफाय सुरू, तरी संकेतस्थळ उघडेना… वारंवार येणारी ‘डीएनएस’ त्रुटी कुणामुळे?

मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण दिसते, राउटरचे दिवे लागलेले असतात. पण अर्ज भरण्यासाठी संकेतस्थळ उघडावे तर पडद्यावर ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ अशी ओळ येते. दहा मिनिटांनी तेच संकेतस्थळ उघडते आणि रात्री पुन्हा अडते. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात अकरावीचा प्रवेश, लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी, पीक विमा, शिष्यवृत्ती अशी बहुतेक कामे आता ऑनलाइन आणि ठरलेल्या मुदतीत करावी लागतात. तिथे या एका ओळीची किंमत मोठी असते. बहुतेक जण ‘सर्व्हर डाउन आहे’ असे म्हणून थांबतात. मात्र, अशा वेळी सरकारी सर्व्हर व्यवस्थित सुरू असण्याचीच शक्यता अधिक असते. बिघाड घरातल्या राउटरमध्ये, मोबाइलच्या एखाद्या सेटिंगमध्ये किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे असू शकतो. तो कुठे आहे हे कसे ओळखायचे, घरच्या घरी काय करता येते आणि तक्रार कुणाकडे करायची, याविषयी…

‘सर्व्हर डाउन’ आणि ‘डीएनएस त्रुटी’ यांत फरक काय?

पडद्यावरचा संदेश नीट वाचला तर अर्धे उत्तर तिथेच मिळते. ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’, ‘५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल’, ‘५०४ गेटवे टाइमआउट’ असे पाचशेच्या घरातले आकडे दिसले तर आपली विनंती दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली आहे. घरचे इंटरनेट आणि डीएनएस यांनी आपले काम केले आहे. अडचण संकेतस्थळाच्या बाजूची आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग होत नाही. थांबणे हाच उपाय.

याउलट संदेशात ‘डीएनएस’ हा शब्द किंवा ‘नेम नॉट रिझॉल्व्ह्ड’ असे शब्द असतील तर संकेतस्थळाशी अजून संपर्कच झालेला नाही. ते कुठे आहे हे शोधतानाच मोबाइल अडला आहे. संदेशाच्या शेवटी ‘नो इंटरनेट’ असेल तर जोडणीच तुटलेली असण्याची शक्यता असते. ‘एनएक्सडोमेन’ असेल तर ‘या नावाचे ठिकाण अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळाले आहे.

हा फरक मुदतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ मध्ये प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली. २१ मे रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदतही नोव्हेंबर २०२५ मधून ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे अडचण सर्वांची असेल तर ती सरकारला दिसते आणि मुदत वाढते. मात्र, एका घरातली किंवा एका गल्लीतली डीएनएस त्रुटी कोणत्याही यंत्रणेच्या नोंदीत येत नाही. तिथे मुदत संपली की संपली.

डीएनएस म्हणजे काय?

मोबाइलमध्ये ‘मामा’ या नावावर बोट ठेवले की फोन लागतो, पण प्रत्यक्षात फोन दहा आकडी क्रमांकावर जातो. नावामागचा क्रमांक मोबाइल शोधून देतो. इंटरनेटवरही तसेच आहे. प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून संकेतस्थळांना नावे दिली. नाव दिले की आकडे शोधून देणारी जगभर पसरलेली यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, अर्थात डीएनएस.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरच्या सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये होती. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील गट ती यादी सांभाळत असे. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. त्यात एका मोठ्या यादीऐवजी जबाबदारी वाटून दिलेली होती. आज इंटरनेट चालते ते याच आराखड्यावर.

नावावरून पत्ता शोधला कसा जातो?

पाकिटावर ‘बेंबळी, तालुका-जिल्हा धाराशिव, महाराष्ट्र, भारत’ असे लिहिलेले असते, तेव्हा टपाल खाते पत्ता शेवटाकडून वाचते. आधी देश, मग राज्य, मग जिल्हा आणि शेवटी गाव. संकेतस्थळाचे नावही उजवीकडून डावीकडे वाचले जाते. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे नाव घेतले तर सर्वांत वरच्या ‘रूट’ सर्व्हरला ‘डॉट इन’ची यादी कुणाकडे आहे, असे विचारले जाते. हे रूट सर्व्हर ए ते एम अशा १३ अक्षरांनी ओळखले जातात, १२ संस्था ते चालवतात आणि त्यांच्या प्रती भारतासह जगभर ठेवलेल्या आहेत. ‘डॉट इन’ची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे ‘निक्सी’ पाहते. त्यातील ‘गव्ह डॉट इन’ हा सरकारी भाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे म्हणजे ‘एनआयसी’कडे आहे.

ही धावपळ मोबाइल स्वतः करत नाही. तो राउटरला विचारतो, राउटर इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर पुढची चौकशी करून उत्तर आणतो. एरवी हे सारे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते. मिळालेले उत्तर प्रत्येक टप्प्यावर ठरावीक काळ लक्षात ठेवले जाते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही.

मात्र, लक्षात ठेवलेले उत्तर कधी कधी जुने असते. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, पण प्रत्येक कागदावर आणि प्रत्येक पाटीवर ते एकाच दिवशी बदलले नाही. तसेच एखाद्या संकेतस्थळाने आपला सर्व्हर बदलला तरी काही राउटर आणि मोबाइल काही तास जुनाच पत्ता धरून बसतात. ‘असे ठिकाण नाही’ हे नकाराचे उत्तरही काही काळ लक्षात ठेवले जाते. म्हणून शेजारच्या घरात संकेतस्थळ सुरू झाले तरी आपल्याकडे त्रुटी दिसत राहते.

मग व्हॉट्सअ‍ॅप कसे चालते?

‘व्हॉट्सअ‍ॅप चालतेय म्हणजे नेट आहे, मग साइट का उघडत नाही?’ हा घरोघरचा प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप आपल्या सर्व्हरशी एकदा जोडली की ती जोडणी टिकवून ठेवतात. त्यांना प्रत्येक संदेशासाठी नव्याने पत्ता विचारावा लागत नाही. नवे संकेतस्थळ उघडताना मात्र पहिली पायरी पत्ता विचारण्याचीच असते. एका पानावर छायाचित्रे, जाहिराती, पैसे भरण्याची सोय असे अनेक भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. त्यांची नावेही वेगवेगळी शोधावी लागतात. त्यातले एक अडले तरी पान अर्धवट उघडते किंवा ओटीपीच्या टप्प्यावर थांबते. व्हॉट्सअ‍ॅप सुरू आणि संकेतस्थळे बंद ही स्थिती म्हणूनच डीएनएस बिघाडाची ठळक खूण आहे.

बिघाड वारंवार का येतो?

एकदा आलेली त्रुटी योगायोग असू शकते. रोज येणाऱ्या त्रुटीला कारण असते. घरातील कारणे साधारण पाच.

पहिले, अशक्त जोडणी. डीएनएसचा प्रश्न हा एक लहानसा संदेश असतो आणि तो सहसा पोहोच न घेता पाठवला जातो. वाटेत हरवला तर मोबाइल काही क्षण वाट पाहतो, पुन्हा विचारतो आणि शेवटी त्रुटी दाखवतो. पत्ता विचारणे ही पहिली पायरी असल्याने ठेच तिथेच लागते. म्हणून वरून ‘डीएनएस’ दिसले तरी खरा दोष वाकलेल्या फायबरचा किंवा जाड भिंतीपलीकडे ठेवलेल्या राउटरचा असू शकतो. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाशच तुटला आहे; तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही. घरगुती फायबरच्या नेहमीच्या डब्यांत प्रकाशाची ताकद उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली गेली की जोडणी डळमळू लागते. हा आकडा कंपनीचा लाइनमन यंत्र लावून लगेच सांगू शकतो.

दुसरे, वीज. वीज गेली-आली किंवा इन्व्हर्टरने ताबा घेताना क्षणभर खंड पडला तरी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. फायबरचा डबा पूर्ण सुरू होण्याआधीच वेगळा राउटर सुरू झाला तर कधी कधी त्याला कंपनीकडून डीएनएसचे पत्ते नीट मिळत नाहीत. वायफाय दिसते, पण नाव विचारायचे कुणाला हेच राउटरला ठाऊक नसते. शिवाय वीज गेल्यावर स्वस्त राउटरचे घड्याळ मागे जाते. काही राउटर सुरक्षित डीएनएस वापरतात, तिथे चुकीच्या वेळेमुळेही उत्तर नाकारले जाते.

तिसरे, राउटरवरचा भार. मोबाइल, टीव्ही, कॅमेरा अशी दहा-बारा उपकरणे जोडली गेली की कंपनीने दिलेला साधा राउटर दमतो. त्याची स्मृती अपुरी पडते आणि काही प्रश्न तो पुढे पाठवतच नाही. आठवडेच्या आठवडे सुरू असलेला राउटर बंद-चालू केल्यावर सुधारतो, तो यामुळेच.

चौथे, मोबाइलमधील ‘प्रायव्हेट डीएनएस’. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. जाहिराती बंद करण्याची युक्ती म्हणून समाजमाध्यमांवरील चित्रफिती तिथे एखादा पत्ता टाकायला सांगतात. तो पत्ता एका अक्षराने चुकला किंवा ती सेवा बंद पडली की मोबाइलचे संपूर्ण इंटरनेट अडते. घरात एकाच मोबाइलवर त्रुटी येत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा.

पाचवे, अर्धवट आयपीव्ही६. इंटरनेटचे पत्ते जुन्या आयपीव्ही४ आणि नव्या आयपीव्ही६ अशा दोन पद्धतींचे असतात. राउटर दोन्ही पद्धतींचे डीएनएस पत्ते देतो, पण नवी वाट नीट सुरू नसेल तर मोबाइल आधी तिकडे विचारतो, थांबतो आणि मग जुन्या वाटेने जातो. संकेतस्थळ ‘दुसऱ्यांदा प्रयत्न केला की उघडते’ ही त्याची खूण.

कंपनीच्या बाजूचे दोष कोणते?

संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत घरोघर टीव्ही, मोबाइल, खेळ एकाच वेळी सुरू असतात. कंपनीचा डीएनएस सर्व्हर किंवा गावापर्यंत येणारी वाहिनी त्या प्रमाणात सक्षम नसेल तर उत्तरे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. गावात अनेकदा मोठ्या कंपनीची सेवा स्थानिक केबलचालकामार्फत येते. मग ग्राहक केबलचालकाकडे, केबलचालक कंपनीकडे आणि कंपनी ‘राउटर रीस्टार्ट करा’ या उत्तराकडे बोट दाखवते. ठरावीक वेळेला, सर्व उपकरणांवर आणि शेजारच्या घरांतही त्रुटी येत असेल तर दोष घरातला नाही, असे मानायला जागा आहे.

काही नावे मात्र मुद्दाम उघडत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ नुसार किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद केलेली संकेतस्थळे रोखण्यासाठी कंपन्या डीएनएसचाही वापर करतात. तो बिघाड नसतो. तसेच ‘एनएक्सडोमेन’ हे उत्तर कधी कधी खरे असते. नाव टाइप करताना अक्षर चुकलेले असते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक बंद पाडलेल्या बनावट संकेतस्थळाची असते. सरकारी योजनेच्या नावाने आलेल्या दुव्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथे आधार क्रमांक किंवा ओटीपी देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. अकरावी प्रवेशासारख्या काही अधिकृत संकेतस्थळांची नावे वेगळी असतात. अशा वेळी नाव शासनाच्या किंवा शाळेच्या सूचनेतून पडताळून घ्यावे.

दोष कुठे, हे पाच मिनिटांत कसे ओळखावे?

१. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच संकेतस्थळ उघडून पाहावे. तिथेही उघडत नसेल तर अडचण बहुधा संकेतस्थळाची किंवा त्या मोबाइलची आहे. उघडले तर घरच्या जोडणीकडे वळावे.

२. वायफायवर दुसरे, अगदी वेगळे संकेतस्थळ उघडावे. एकच अडत असेल तर दोष मर्यादित आहे. सगळीच अडत असतील तर जोडणीचा किंवा डीएनएसचा आहे.

३. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर पाहावे. एकाच मोबाइलवर त्रुटी असेल तर त्यातील ‘प्रायव्हेट डीएनएस’ आणि व्हीपीएन तपासावे.

४. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १.१.१.१ हे आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत. हा क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सेवेचा थेट आयपी पत्ता असल्याने त्याच्याशी संपर्क साधायला नाव शोधावे लागत नाही. वायफायवर हे पान उघडले आणि नावाची संकेतस्थळे उघडली नाहीत तर दोष डीएनएसचाच. 

५. शक्य असेल तर लॅपटॉप राउटरला वायरने जोडून पाहावा. वायरवर सुरळीत आणि वायफायवर अडत असेल तर राउटरची जागा बदलावी.

या पाच कसोट्यांचे निकाल वहीत वेळेसह लिहून ठेवले तर पुढे तक्रार करताना तेच पुरावे ठरतात.

घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी?

आधी क्रमाने बंद-चालू. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद करून एक मिनिट थांबावे. आधी डबा सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर सुरू करावा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर प्रश्नच नाही. मोबाइलवर विमान मोड लावून काढला की बहुतेक वेळा जुनी लक्षात ठेवलेली उत्तरे जातात.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क’ विभागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधून ते ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावे. मोबाइलची तारीख-वेळही ‘ऑटोमॅटिक’ असावी. वीज सतत जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस लावल्यास रोजच्या तक्रारी कमी होऊ शकतात.

एवढ्यावर भागले नाही तर राउटरमधील डीएनएस बदलता येतो. राउटरच्या मागच्या बाजूला छापलेल्या पत्त्यावर जाऊन ‘डीएचसीपी’ किंवा ‘लॅन’ विभागात डीएनएसच्या दोन जागा असतात. पहिल्या जागी गूगलचा ८.८.८.८ आणि दुसऱ्या जागी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ असे दोन वेगळ्या संस्थांचे पत्ते इंग्रजी अंकांत द्यावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालतो. आधीची नोंद छायाचित्र काढून जपून ठेवावी. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही जागा ग्राहकासाठी बंद असते. तिथे कंपनीलाच सांगावे लागते.

डीएनएस बदलणे कितपत सुरक्षित?

कंपनीचा डीएनएस सोडून दुसरा घेतला की ‘या घरातून कोणकोणती संकेतस्थळे उघडली’ ही नावांची यादी त्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. गूगलची सेवा २००९ पासून आणि क्लाउडफ्लेअरची २०१८ पासून सुरू आहे. दोन्हींनी नोंदी किती काळ ठेवल्या जातात, याची धोरणे जाहीर केली आहेत. चित्रफितीत सांगितलेला अनोळखी पत्ता मात्र टाकू नये. खोटा डीएनएस बँकेचे खरे नाव टाइप केल्यावरही नकली पानाकडे नेऊ शकतो. ‘डीएनएस चेंजर’ या मालवेअरने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस असेच बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती टोळी उघड केली. संगणकांचे इंटरनेट अचानक बंद पडू नये म्हणून टोळीच्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते पर्यायी सर्व्हर चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले.

धोका राउटरच्या पासवर्डमधूनही येतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच ‘अ‍ॅडमिन’ असतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला तो याच फटीतून, आणि कंपनीला पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. डीएनएसची नोंद आपोआप बदललेली दिसली तर राउटर मूळ स्थितीत आणून नवा पासवर्ड द्यावा. त्यापूर्वी कंपनीकडून जोडणीचे यूजरनेम आणि पासवर्ड घ्यायला विसरू नये, नाहीतर इंटरनेट पुन्हा सुरू करता येत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण येते?

येते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते. भारतात तेव्हा रात्र होती. देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीचे जाळे तुटले आणि तिचे डीएनएस सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ऐन दिवाळीत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेतील एका महत्त्वाच्या नावाची डीएनएस नोंद दोन स्वयंचलित प्रक्रियांच्या गोंधळात रिकामी झाली आणि जगभरातील अनेक अ‍ॅप ठप्प झाली. १४ जुलै २०२५ रोजी तर क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही डीएनएस सेवाच सुमारे तासभर बंद होती. भारतात तेव्हा १५ जुलैची पहाट होती. राउटरमध्ये दोन वेगळ्या संस्थांचे पत्ते ठेवावेत, असे तज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

मात्र, प्रत्येक मोठा खोळंबा डीएनएसचा नसतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या बिघाडामुळे एक्स, चॅटजीपीटी यांसह अनेक सेवा अडल्या, त्या वेळी वापरकर्त्यांना ‘५००’ प्रकारचे संदेश दिसत होते. दोष कंपनीच्या आतल्या एका फाइलचा होता. तेव्हा घरचा डीएनएस बदलून काहीही साध्य होणार नव्हते.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार केली तर ‘रीस्टार्ट करा’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी तारीख, वेळ, पडद्यावरचा संदेश, मोबाइल डेटावर तेच संकेतस्थळ उघडत होते का, १.१.१.१ उघडले का, फायबरच्या डब्यावरचे दिवे कसे होते, हे लिहावे. सोबत वेळ दिसेल असे दोन-तीन स्क्रीनशॉट जोडावेत. तीन-चार दिवसांची अशी नोंद असेल तर दोष ठरावीक वेळेचा आहे की वीज गेल्यानंतरचा, हे कंपनीच्या तंत्रज्ञालाही कळते.

दूरसंचार ग्राहकांसाठी ‘ट्राय’ने २०१२ मध्ये केलेल्या नियमांनुसार तक्रार दोन टप्प्यांत होते. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे. तिथे तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. निराकरण झाले नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते. केबलचालकाला तोंडी सांगितलेली तक्रार या साखळीत धरली जात नाही, हे लक्षात घ्यायला हवे. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग हे पुढचे मार्ग आहेत. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधील निकालात स्पष्ट केले आहे. एकाच गल्लीतल्या चार घरांनी आपापले तक्रार क्रमांक घेतले तर ‘तुमच्या घरातलाच दोष’ हे उत्तर देणे कंपनीला अवघड जाते.

मुदतीच्या दिवशी काय करावे?

अर्जाचा शेवटचा दिवस हा राउटर दुरुस्त करण्याचा दिवस नव्हे. त्रुटी दिसताच वायफाय सोडून मोबाइल डेटावर यावे. तिथे संकेतस्थळ उघडले तर काम उरकून दुरुस्ती नंतर करावी. घरातल्या दोन मोबाइलवर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असणे हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. घरात काहीच चालत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र किंवा शाळेतील संगणक कक्ष गाठावा. पाचशेच्या आकड्यांचे संदेश दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. संकेतस्थळाचाच दोष असल्याचे दाखवायला तेच स्क्रीनशॉट उपयोगी पडतात.

सरकारी सेवा ऑनलाइन करताना संकेतस्थळाची क्षमता किती, याची चर्चा होते. गावातल्या शेवटच्या घरापर्यंत जोडणी किती स्थिर आहे, याची होत नाही. बँडविड्थचे आकडे जाहिरातीत असतात, पण संध्याकाळी आठ वाजता नावाचा पत्ता मिळायला किती वेळ लागतो, हे कुणी मोजत नाही. ग्राहकांच्या तक्रारी तारीख-वेळेसह कंपनीच्या नोंदीत जाऊ लागल्या तरच ते मोजावे लागेल. तोपर्यंत पडद्यावरची ती इंग्रजी ओळ वाचून दोष घराचा, कंपनीचा की संकेतस्थळाचा हे ओळखणे, एवढे तरी बेंबळीतल्या ग्राहकाच्या हातात आहे.